घर बंद आढळले

आमच्या कामात गृहभेट सांगून करायची नसते. नोकरीला लागले तेव्हाच्या प्रशिक्षणात हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवलं असतं. कुणी येणार असं कळलं की माणसं घर सारवून ठेवतात, पोरांना आंघोळी घालतात, पिणाऱ्याला शेजारी नेऊन झोपवतात. म्हणून अचानक जायचं, घर जसं आहे तसं दिसलं पाहिजे. मला हे फार पटलं होतं. मी मुळातच संशयी स्वभावाची, आणि माझ्या संशयाला पहिल्यांदाच कुणीतरी कामाची पद्धत म्हणत होतं.

जिल्ह्यातल्या बाल संरक्षणाच्या कामावर मी समाजकार्यकर्ती आहे, कंत्राटी. अकरा महिन्यांचा आदेश, मग खंड, मग पुन्हा अकरा महिने. हरवलेली, पळून आलेली, टाकून दिलेली, मार खाल्लेली, वय नसताना बोहल्यावर चढवलेली मुलं आमच्याकडे येतात. त्यांचं पुढे काय करायचं हे मी ठरवत नाही, ते बालकल्याण समिती ठरवते. मी फक्त घरी जाऊन पाहते आणि लिहून देते. पण समिती काही ते घर पाहायला जात नाही, ती माझा कागद पाहते. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं ते आठ वर्षांच्या एका मुलीपायी.

ती मुलगी गोंदियाच्या स्टेशनवर सापडली. आई वारलेली. बापानं दुसरं घर केलं होतं आणि तो गोंदियात कुठल्याशा राइस मिलमध्ये हमाली करतो असं तिला शाळेतल्या कुणीतरी सांगितलं. तेवढ्यावर ही बया दप्तर पाठीला लावून अर्जुनी मोरगावच्या स्टेशनवर गाडीत बसली. गोंदियाला उतरली तेव्हा समोर इतके फलाट आणि इतकी माणसं, की जिथे उतरली तिथेच बसून रडायला लागली. रेल्वे पोलिसांनी तिला समितीपुढे आणलं. बापाचं नाव तिला पूर्ण सांगता येत नव्हतं, पण गावाचं नाव, शाळेचं नाव आणि "मी मोठीमायपाशी राहतो" एवढं तिनं ठणकावून सांगितलं.

मोठीमाय म्हणजे आईची थोरली बहीण. गावच्या पोलीस पाटलाकडून निरोप मिळाला तशी ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हजर झाली. पन्नाशीची, वाळलेली, पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या. नवऱ्यानं फार पूर्वी सोडलेली, स्वतःचं मूल नाही. बहीण गेली तेव्हा ही पोर तीन वर्षांची होती, तेव्हापासून हिनंच वाढवली. पण कागदावर ती पोरीची कोणीच नव्हती. आधार कार्डावर बापाचं नाव, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव, आणि बाप तर बेपत्ता.

"माही पोरगी हाये जी. मी घेऊन जातो," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की असं नेता येत नाही. आधी घरी येऊन पाहावं लागेल, अहवाल लिहावा लागेल, मग समिती ठरवेल. तोवर पोरगी इथल्याच एका संस्थेत राहील.

"मंग कवा येता?"

"येऊ आम्ही."

"दिवस सांगा ना म्याडम. रोवनी चालू हाये, मी टोलीत हावो."

"दिवस सांगता येत नाही बाई. नियम आहे."

हे मी ज्या आवाजात म्हणाले तो मला आजही ऐकू येतो. त्यात थोडं समाधान होतं. नियम पाळणाऱ्या माणसाचं.

आठवड्याभरानं एका दुपारी गाडी मिळाली. गाडी आमच्या एकट्या विभागाची नाही, ज्या दिवशी मिळेल तो आपला दिवस. ड्रायव्हरनं निघतानाच बजावलं, "म्याडम, तीन बजे तक वापस होना पड़ेगा. साहब को मीटिंग में छोड़ना है." रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, पाठीवर प्लास्टिक बांधलेल्या बाया ओळीनं वाकलेल्या, हातात धानाचे परे, लावणीची रोपं. मी काचेतून पाहत होते. कोण जाणे, त्यातल्याच एखाद्या ओळीत ती असेल.

गावात पोहोचले तेव्हा एक वाजून गेला होता. घर सापडलं. दोन खणांचं, कवेलूच्या छपराचं, ओटा नीट सारवलेला. दाराला कुलूप. डावीकडच्या घराला कुलूप, उजवीकडच्याही. अंगणवाडी सेविका तालुक्याला मीटिंगला गेलेली. पोलीस पाटील स्वतःच्या बांधीत. उघडं होतं ते फक्त कोपऱ्यावरचं किराण्याचं दुकान. दुकानदार म्हणाला, "सारे रोवनीले गेले जी. येतील दिवस बुडता."

आता हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मी याच जिल्ह्यातल्या तळ्याकाठच्या एका गावात वाढले. रोवणीच्या दिवसांत माझी आई पहाटे भाकरी बांधून निघायची ती अंधार पडताना परत यायची. कुलपाची किल्ली शेजारच्या म्हातारीकडे. शाळा सुटली की आम्ही भावंडं तिच्या ओट्यावर पाय हलवत बसायचो आणि आई आली की तिच्या ओल्या लुगड्याला चिकटायचो. त्या दिवसांत दुपारी कुलूप नसलेलं घर दिसलं तर त्या घरात कुणी आजारी आहे असं समजायचं. आमच्याकडे लहान पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. पण त्या दुपारी मी गावची पोरगी नव्हते. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि साहेबांना तीन वाजता मीटिंगला जायचं होतं.

मी मोबाइलवर फोटो काढला. त्या फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटते, भेट खरंच दिली याचा तो पुरावा. कुलूप बरोबर मधोमध आलं. अहवालाच्या छापील नमुन्यात लिहिलं : "गृहभेटीच्या वेळी घर बंद आढळले. नातेवाईक उपस्थित नव्हते. शेजारीही उपलब्ध झाले नाहीत." दुकानदाराची साक्षीदार म्हणून सही घेतली. त्यानं सांगितलेलं, दिवस बुडता येतील हे, लिहायचं राहिलं. त्या रकान्यात दोनच ओळींची जागा होती, आणि शनिवारी मी पुन्हा येणारच होते.

शनिवारी दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात एक बालविवाह थांबवायला जावं लागलं. सोमवारी गाडी नव्हती. अहवाल द्यायची मुदत पंधरा दिवसांची, ती संपली. जे लिहिलेलं होतं ते मी सादर केलं. त्यात एकही खोटा शब्द नव्हता, हे मी स्वतःला पुढे अनेकदा सांगितलं. आता सांगत नाही.

समितीनं कागद वाचून जे ठरवायचं तेच ठरवलं. पोर एकटीच रेल्वेत बसून निघून जाते, बापाचा पत्ता नाही, सांभाळ करते म्हणणारी बाई घर बंद करून गेलेली. पुढची चौकशी होईपर्यंत मुलीला बालगृहात ठेवायचं. जागा मिळाली ती दुसऱ्या जिल्ह्यात. पोचवायला मीच गेले. गोंदिया सुटताच तिनं रडायला सुरुवात केली. बिस्किटं घेईना, पाणी घेईना, सोबतच्या महिला पोलिसाचं ऐकेना.

"मोठीमाय कोठी हाये? तिले सांगलं काय?"

अर्ध्या वाटेपर्यंत मी टाळलं. मग माझं डोकं दुखायला लागलं आणि मी म्हणाले, "बाळा, मी गेले होते तुझ्या घरी. घरी कुणीच नव्हतं. कुलूप होतं."

ती गप्प झाली. एकदम. उरलेला रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत बसली. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा सुटल्यासारखं झालं. बरं झालं, शांत झाली एकदाची, असं मनात आलं.

चार दिवसांनी मोठीमाय ऑफिसात आली. पोरगी दुसऱ्या जिल्ह्यात गेली हे तिला दारातच शिपायानं सांगितलं होतं. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. मी तिच्यावरच चढले. "मी आले होते ना तुमच्या घरी. कुलूप लावून कुठे गेला होतात? पोरगी पाहिजे म्हणता आणि घरी थांबत नाही!"

"मी चार दिवस थांबली जी," ती म्हणाली. "तुमी येता म्हनलं म्हून सोमवारपासून घरीच बसून राहिली. टोलीवाल्या बाया रोज बलावत. पाचव्या दिवशी मुकरदम म्हने, येतेस का दुसरी घेऊ? त्या दिवशी गेली."

पाचवा दिवस शुक्रवार होता. मी शुक्रवारी गेले होते.

रोवणीची टोळी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दहाबारा बाया मिळून एकरावर रोवणी घेतात, सगळ्या एका ओळीत, एका वेगानं. एक बाई कमी झाली की ओळीत खिंड पडते आणि तिचं काम उरलेल्यांच्या कमरेवर येतं. म्हणून चार दिवस न येणारीची जागा धरून ठेवली, हा त्या बायांचा मोठेपणा. त्यानंतर गेली नसती तर त्या हंगामात तिला कुणी उभं केलं नसतं, आणि त्या हंगामावर दोघींचा पावसाळा निघायचा. चार दिवस ती माझ्यासाठी ओट्यावर बसून होती. तो सारवलेला ओटा मी पाहिला होता. नीटनेटका आहे असं वाटलंही होतं, पण नमुन्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

मी तिची माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "ठीक आहे, नवीन अहवाल पाठवते."

पाठवलाही. या वेळी संध्याकाळी गेले, बसनं, स्वतःहून. तिनं चुलीवरचा काळा चहा दिला. पोरीची वह्या-पुस्तकं फळीवर रचून ठेवली होती आणि त्यावर फडकं घातलं होतं. अहवालात मी सगळं लिहिलं, पण स्वतःच्या चुकीवर येताच माझी लेखणी सरकारी झाली : "सदर दिवशी संबंधित महिला शेतमजुरीकरिता गेल्या असल्याचे नंतर निदर्शनास आले." कुणाच्या निदर्शनास, का आधी नाही, काही नाही. माझा अकरा महिन्यांचा आदेश संपत आला होता. नव्या आदेशाच्या तोंडावर कोण आपल्या चुका लिहून देतं?

मग फाईल चालायला लागली. मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तिकडच्या समितीचा अधिकार. तिकडून पत्र आलं की बापाची संमती हवी. बाप शोधायला पाच महिने गेले. सापडला तो फोनवर. म्हणाला, "रखो ना, जिसको रखना है," आणि सहीला कधी आला नाही. मग पोलिसांचा दाखला, मग ग्रामपंचायतीचा ठराव. मध्ये माझा खंड आला तेव्हा फाईल कुणी उघडलीच नाही. मोठीमाय दर महिन्याला यायची, टेबलासमोर उभी राहायची आणि विचारायची, "झालं काय जी?" दोनदा ती एकटीच बस बदलत बदलत बालगृहात गेली. एकदा भेटीचा रविवार नव्हता म्हणून भेट झाली नाही. एकदा मुलींना कांजिण्या आल्या होत्या म्हणून फाटकातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, फोन करून जा. तिच्याकडे फोन नव्हता. मी माझ्या फोनवरून लावून देऊ शकले असते, हे मला ती गेल्यावर सुचलं.

असा दुसरा रोवणीचा हंगामही गेला. धान कापणीला आलं तेव्हा तिकडच्या समितीपुढे सुनावणी लागली. मी मोठीमायला घेऊन गेले. तिनं गावच्या तळ्यातले शिंगाडे उकडून पिशवीत आणले होते, बसमध्ये दोन्ही हातांनी मांडीवर धरलेले. सारा रस्ता ती बोलत होती. पोरगी चौथीत गेली असेल. कोंबडीला दहा पिल्लं झालीत, ती पाहून खुश होईल. मी हूं हूं करत होते. मला त्या दिवशी खरंच वाटलं होतं की आज हिला पोरगी मिळेल. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच आशा धरली होती.

मुलीला आत आणलं. उंच झाली होती, अंग भरलं होतं, केस खांद्यावर कापलेले. मोठीमायनं हात पुढे केले. मुलगी बालगृहाच्या ताईंच्या बाजूला उभी राहिली. मोठीमायनं पिशवी पुढे केली तर म्हणाली, "आम्हाला बाहेरचं चालत नाही." तोंडात आमच्या भागाचा एक शब्द उरला नव्हता. पुस्तकातलं बोलत होती, स्वच्छ.

अध्यक्षांनी प्रेमानं विचारलं, तुला मोठीमायकडे जायचं आहे का?

"नाही."

"का गं?"

"घरी कोणी नसतं. कुलूप असतं."

"कोणी सांगितलं तुला असं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. सव्वा वर्षापूर्वी गाडीत मी तिला गप्प बसवण्यासाठी टाकलेलं वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. आपल्या माणसानं आपल्याला सोडलं, याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा होता आणि तो मी दिला होता.

तेव्हा मी बोलले. सगळ्यांसमोर, उभी राहून. म्हटलं, चूक माझी आहे. तुझी मोठीमाय चार दिवस कामावर न जाता घरी बसून होती. मी कोणत्या दिवशी येणार ते मी तिला सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी ती रोवणीला गेली आणि नेमकी त्याच दुपारी मी आले. संध्याकाळी ती घरी येणार होती, मला दुकानदारानं सांगितलंही होतं. तिनं तुला सोडलं नव्हतं. नोकरीत इतकं खरं मी कधी बोलले नव्हते.

मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला का नाहीत?"

माझ्याकडे उत्तरं होती. गाडी, तीन वाजले, साहेबांची मीटिंग, दुसरा तालुका, मुदत. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला त्यातलं एकही पुरलं नसतं. अध्यक्षांनी लिहून घेतलं की बालिकेनं संस्थेतच राहण्याची इच्छा व्यक्त केली आहे. चूक त्यांचीही नव्हती. मुलीची इच्छा लक्षात घ्यावी असं कायदाच सांगतो, आणि तो चांगला कायदा आहे.

बाहेर येऊन आम्ही दोघी बसस्टँडवर बसलो. मोठीमाय रडली नाही. तिनं पिशवी सोडली, एक शिंगाडा सोलून मला दिला, एक स्वतः घेतला. तो खाऊन झाल्यावर म्हणाली, "साजरी बोलते आता." मग टरफलं पिशवीत टाकत, "म्याडम, मी चार दिवस बसून राहिली व्हती ना, ते तुमी लिहून द्या. तुमी तोंडानं सांगलं तं तिले पटलं नाई. तुमी लिहून देता ते सारे खरं मानतात."

मी लिहून दिलं. या वेळी सरकारी भाषेत नाही. मी थांबले नाही, मी पुन्हा गेले नाही, मी लिहिलं नाही, असं प्रत्येक वाक्यात मी. वर प्रकरणाचा क्रमांक टाकला, खाली सही केली, पद लिहिलं आणि तिकडच्या समितीला पाठवलं. पोच आली. ते पान मुलीच्या फाईलला लागलं आहे.

मुलांना त्यांच्या फाईली वाचायला देत नाहीत.